स्टेपनी, गाडीतली आणि माणसांतली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईत हा शब्द कुठेही ऐकू येतो. वाशीच्या बाजार समितीत पहाटे रिकामे होणारे ट्रक, कळंबोलीचं ट्रक टर्मिनल, ठाणे-बेलापूर रस्त्यावरची पंक्चरची दुकानं, ही तर त्याची हक्काची ठिकाणं. पण घणसोलीतल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचमध्ये, नेरूळच्या एखाद्या सोसायटीच्या मिटिंगमध्ये आणि ऐरोलीच्या आयटी कंपनीच्या कँटीनमध्येही तो सहज येतो, आणि तिथे कुणी टायरबद्दल बोलत नसतं. या पानावरचे बहुतेक प्रश्न त्या दुसऱ्या स्टेपनीबद्दलचे आहेत. मात्र गाडीतली स्टेपनी नीट कळली नाही तर माणसांतली अर्धीच कळते, म्हणून सुरुवात डिकीतून.

स्टेपनी म्हणजे नक्की काय?

गाडीला लागलेल्या चाकांखेरीज सोबत ठेवलेलं जादा चाक. रिमसकट, टायरसकट, हवा भरून तयार. नुसता टायर म्हणजे स्टेपनी नव्हे. कारमध्ये ती डिकीच्या फळीखाली असते, काही एसयूव्हींत मागच्या दारावर टांगलेली, ट्रकला चासीखाली नाहीतर केबिनच्या मागे साखळी-कुलूप घालून. (कुलूप घालावं लागतं याचं कारण रात्री हायवेला गाडी लावून झोपलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.) तिच्यासोबत जॅक, पाना आणि टॉमी (लोखंडी दांडा) हे तिघं हवेतच. त्यातला एक नसला तर स्टेपनी असून नसल्यासारखी.

स्कूटरला स्टेपनी होती, मोटरसायकलला का नसते?

जुन्या बजाज स्कूटरची पुढची-मागची चाकं एकाच मापाची. एक जादा चाक ठेवलं की दोन्हींकडे भागायचं. रिक्षाचंही तसंच, तिन्ही चाकं एका मापाची. मोटरसायकलचं पुढचं चाक आणि मागचं चाक मापाने वेगळं, मागच्याला शिवाय साखळीचं दाताळं. एका स्टेपनीत ते जमत नाही. चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात ‘स्टेपनी’ म्हटलं की आजही वडिलांच्या स्कूटरमागचं ते रेक्झिनचं कव्हर घातलेलं चाकच येतं. त्या कव्हरवर देवाचं नाव नाहीतर मुलांची नावं रंगवून घ्यायची पद्धत होती.

हा शब्द आला कुठून? इंग्रजीत तर याला ‘स्पेअर व्हील’ म्हणतात.

बरोबर, आणि आज लंडनमधल्या गॅरेजात जाऊन ‘स्टेपनी’ मागितलीत तर समोरचा तोंडाकडे बघत राहील. शब्द ब्रिटनमधलाच, पण तिथे विझला आणि आपल्याकडे राहिला.

वेल्समध्ये लानेल्ली नावाचं गाव आहे. पत्र्याच्या कारखान्यांसाठी एके काळी प्रसिद्ध. तिथे टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये मोटारीसाठी एक जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्यांचं वर्कशॉप स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून त्याचं नाव ‘स्टेपनी स्पेअर व्हील’.

तेव्हाच्या मोटारीची अडचण आज लक्षात येणार नाही. चाकं बहुधा लाकडी आऱ्यांची आणि गाडीला कायमची बसवलेली, चार नट सोडले आणि चाक हातात आलं असा प्रकार नव्हता. रस्त्यावर घोडागाड्यांची गर्दी, त्यामुळे नालांचे खिळे सगळीकडे पडलेले. पंक्चर झालं की भर रस्त्यात बसून टायर रिमवरून उचकटायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं, परत चढवायची, पंपाने हवा मारायची. कपड्यांची वाट आणि वेळेचीही.

डेव्हिस बंधूंनी काय केलं, तर आरे नसलेली नुसती गोल रिम घेतली, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर चढवला आणि ही कडी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून चिमट्यांनी आवळून बसवायची सोय केली. फाटलेलं चाक जागेवरच राहायचं, भार त्याच्या शेजारच्या कडीवर यायचा आणि गाडी घरापर्यंत पोचायची. म्हणजे मूळची स्टेपनी चाकाची जागा घेत नव्हती. दुबळ्या चाकाला बाजूने खांदा देत होती. हा फरक पुढे माणसांबद्दल बोलताना कामी येईल.

लंडनच्या टॅक्सींना ती बसली, मग इंग्रजांच्या वसाहतींत आणि इतर देशांतही पोचली. काही वर्षांत काढता-घालता येणारी चाकं आली आणि डेव्हिस बंधूंच्या कडीची गरज संपली. वस्तू गेली, नाव मात्र तिच्या जागी आलेल्या पूर्ण चाकाला चिकटलं. आपण डालडा किंवा झेरॉक्स म्हणतो तसलाच प्रकार, फक्त इथे कंपनी कोणती होती हेही लोक विसरून गेले.

लंडनमध्ये स्टेपनी नावाचा भाग आहे. त्याच्याशी संबंध?

चाकाचा नाही. लानेल्लीतला तो रस्ता तिथल्या स्टेपनी नावाच्या जमीनदार घराण्यावरून ओळखला जातो.

आपल्याशिवाय आणखी कुणी हा शब्द वापरतं?

हिंदी, बंगाली आणि दक्षिणेतल्या भाषांतही तो आहे, सीमेपलीकडे बांगलादेशातही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर तो टिकून आहे. आणि ब्राझीलमध्ये जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात, त्याचं मूळ हेच. कळंबोलीतला ड्रायव्हर आणि साओ पावलोतला ड्रायव्हर पंक्चर झाल्यावर जवळजवळ एकच शब्द उच्चारतात. त्यानंतरच्या शिव्या मात्र आपापल्या.

माणसाला ‘स्टेपनी’ म्हणतात तेव्हा काय म्हणायचं असतं?

इथे एक उत्तर नाही. ऐकू येणारे अर्थ साधारण तीन, आणि तिन्हींची चव वेगळी.

पहिला, साधा अर्थ: गरज पडली तर असावा म्हणून सोबत घेतलेला. “अरे, अकरा झालेत, पण राहुलला घेऊन ये स्टेपनी म्हणून. संत्याचा गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही.” यात अपमान नाही, नियोजन आहे. वस्तूंनाही हा अर्थ लागतो. दोन फोन बाळगणारा जुन्या फोनला स्टेपनी म्हणतो, गणेशोत्सव मंडळातला साउंडवाला जादा माइकला. डेकोरेशनवाल्याच्या टेम्पोत एक स्टेपनी फोकस पडलेला असतोच.

दुसरा, तक्रारीचा: अडचण आली की आठवण होणारा, एरवी विसरलेला. “पाहुणे जास्त झाले की मला बोलवायचं पोळ्या लाटायला. मी काय स्टेपनी आहे का, वहिनी?” या वाक्यात विनोद असतो, पण वरवरचाच. ‘मी काय स्टेपनी आहे का’ हे आता जवळजवळ ठरलेलं वाक्य झालं आहे. ते ज्याला ऐकावं लागलं त्याने हसून सोडून देऊ नये, असं माझं मत.

तिसरा अर्थ वाईट आहे. लग्नाच्या नात्याबाहेरच्या बाईला, क्वचित पुरुषाला, उद्देशून. त्याचा वेगळा प्रश्न खाली घेतला आहे.

तिन्ही अर्थांत समान गोष्ट एकच: बोलणाऱ्याने स्वतःला गाडीच्या जागी धरलेलं असतं. स्टेपनी कोण हे ठरवतो गाडीवाला. म्हणूनच हा शब्द कुणी कुणाला वापरला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. स्वतःला म्हटलं तर थट्टा, मित्राला तोंडावर म्हटलं तर जवळीक, पाठीमागे म्हटलं तर किंमत केली.

‘स्टेपनीवर चाललंय’ म्हणजे?

या शब्दाचा सगळ्यात नेमका वापर हा, आणि तो थेट ड्रायव्हरांकडून आलेला. गाडी स्टेपनीवर चाललीय म्हणजे एक चाक आधीच गेलं आहे, राखून ठेवलेलं होतं ते लावून झालं आहे, आणि आता आणखी एक खिळा लागला तर रस्त्यातच बसायचं. गाडी चालताना दिसते. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. ड्रायव्हरला मात्र माहीत असतं.

म्हणून “सध्या घर स्टेपनीवर चाललंय” असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ ‘तंगी आहे’ इतकाच नाही. पगार बंद आहे आणि ठेव मोडून खर्च चालू आहे, असा आहे. तंगीत हात आखडून भागतं. इथे मागे ठेवलेलंच वापरात आलेलं असतं. दुकानदार म्हणतो, “दोन्ही पोरं गावाला गेली, मी आणि भाचा, स्टेपनीवर चाललंय.” म्हणजे आता भाचा आजारी पडला की शटर खाली. मराठीत ‘कसंबसं चाललंय’, ‘ओढाताण चाललीय’ असं म्हणता येतं, पण दुसरी चूक परवडणार नाही ही बारीक गोष्ट त्यात येत नाही.

पंक्चरवाले याच कारणाने एक गोष्ट सांगतात: स्टेपनी लावली की घरी जाण्याआधी मूळचं पंक्चर काढून घ्या. लोक ऐकत नाहीत. चाललीय ना गाडी, उद्या बघू. तो उद्या सहसा शीव-पनवेल हायवेवर, पावसात, खारघर आणि कामोठ्याच्या मध्ये कुठेतरी उगवतो.

याच कुळातला आणखी एक प्रयोग: “स्टेपनीतही हवा नाही.” पर्याय कागदावर आहे, कामाचा नाही. जनरेटर आहे पण डिझेल भरलेलं नाही, वॉचमनचा बदली आहे पण तो उत्तर प्रदेशात गावी गेलाय, सगळ्या फायलींची कॉपी आहे पण त्या हार्ड डिस्कचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. सोसायटीच्या मिटिंगमध्ये हे वाक्य टाकलं की सेक्रेटरी गप्प होतो.

बदली, राखीव, बारावा गडी, हंगामी. एवढे शब्द असताना स्टेपनी कशाला?

कारण यातला एकही तिच्या जागी बसत नाही.

‘बदली’ हा कामगारांचा शब्द. गिरण्यांमध्ये बदली कामगार असायचे. कायम माणूस आला नाही तर त्या दिवशीचं काम आणि त्या दिवशीची मजुरी बदलीला. गेटवर हजेरी लावायची आणि नंबर लागतो का ते बघायचं. बदली ड्रायव्हर आजही सगळीकडे आहेत. बदलीला पैसे मिळतात आणि कामाचा माणूस म्हणून ओळख असते. स्टेपनीला दोन्हींची खात्री नाही. शिवाय ‘बदली’चा दुसरा अर्थ सरकारी नोकराला ऐकवा आणि चेहरा बघा.

‘राखीव’ शब्द चांगला होता. राखीव खेळाडू, राखीव दल. पण ‘राखीव उमेदवार’ म्हटलं की आता सगळ्यांच्या मनात आरक्षण येतं, त्यामुळे बोलताना माणसं तो टाळतात.

‘बारावा गडी’ला मान आहे. तो संघात असतो, त्याचं नाव यादीत असतं, पाणी घेऊन का होईना मैदानात येतो. गावठाणांतल्या टीम, दिवाळे, सारसोळे, करावे, गोठिवली कुठलीही घ्या, बारावा कोण यावरून भांडणं होतात. स्टेपनी कोण यावरून होत नाहीत. बोलावलं तर ये, एवढंच त्याला सांगितलेलं असतं.

‘हंगामी’ आणि ‘प्रभारी’ हे कार्यालयातले शब्द. प्रभारी माणूस खुर्चीवर बसतो, सही करतो. तो स्टेपनीच, फक्त ऑर्डर निघालेली.

नाटकवाल्यांचाही एक ‘बदली कलाकार’ असतो. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात संध्याकाळच्या प्रयोगाला मुख्य नट घोडबंदर रोडला अडकला आणि बदली कलाकार उभा राहिला, असं झालं तर त्याला स्टेपनी म्हणू नका. त्याचं पाठांतर पूर्ण असतं, तालमी झालेल्या असतात. प्रेक्षकांपैकी कुणी तसं म्हणालंच तर ते त्याचं काम बघून ठरवलेलं नसतं.

बाईला ‘स्टेपनी’ म्हणणं खरंच इतकं वाईट आहे का? हिंदी सिनेमात तर सर्रास असतं.

वाईटच आहे. सिनेमात असतं म्हणून ते कमी वाईट होत नाही.

या अर्थाने वापरताना गाडी म्हणजे पुरुषाचा संसार, लागलेलं चाक म्हणजे बायको, आणि डिकीतलं म्हणजे ‘ती’. एका शब्दात दोन बायकांचा अपमान. जी डिकीत टाकली तिचा तर उघडच, पण जी चाक ठरली तिचाही. गाडी चालवणारा मात्र सहीसलामत, त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. मराठीत या नात्याला पूर्वापार वाईटच शब्द आहेत, पण त्यातल्या काहींत निदान पुरुषालाही बोल लागतो.

स्टेपनी हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे, त्यामुळेही तो बाईकडे लवकर घसरतो. साध्या अर्थाने पुरुषाला लावताना “दादा आज आमची स्टेपनी” असं वाक्य होतं आणि ते गमतीचं वाटतं. तेच वाक्य ऑफिसमधल्या बाईंबद्दल केलं की ऐकणाऱ्यांपैकी दोघं तरी वेगळं हसतात. बोलणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: बाईबद्दल, कुठल्याही अर्थाने, हा शब्द वापरू नका. “नीताताई आज सुलभाताईंच्या जागी आहेत” असं म्हणता येतं, पाचसहा शब्दच लागतात.

कायद्याने यात काही होऊ शकतं?

होऊ शकतं. स्त्रीच्या शालीनतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम ५०९ होतं. कामाच्या ठिकाणी असाल तर २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदाही आहे, त्यात लैंगिक स्वरूपाचे शेरे स्पष्टपणे येतात. एखाद्या प्रसंगात ते लागू होईल की नाही हे हेतू आणि संदर्भावर ठरतं. ‘आमच्याकडे असंच बोलतात’ हा मात्र त्यावर बचाव नाही.

ऑफिसात मॅनेजर मला टीमची स्टेपनी म्हणतो. रागवावं का?

कसं म्हणतो त्यावर आहे. “याला कुठेही टाका, चालवून नेतो” या भावनेने म्हणत असेल तर त्याला कौतुक करायचंय आणि शब्द सापडत नाहीये. (तुम्ही बाई असाल तर वरचं उत्तर वाचा आणि त्यालाही वाचायला द्या.) पण दर तिमाहीला तुम्ही कुणाच्या तरी सुटीची, राजीनाम्याची, बाळंतपणाची जागा भरत असाल आणि अप्रेझलला ‘ठोस प्रोजेक्ट नाही’ असं ऐकवलं जात असेल, तर तो शब्द थट्टेचा राहिलेला नाही, ती तुमची पोस्ट झाली आहे. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत याला ‘बेंचवर असणं’ म्हणत नाहीत, कारण बेंचवरच्याला काम नसतं. स्टेपनीला सगळ्यांचं असतं.

मूळ लानेल्लीची कडी आठवा. ती दुबळ्या चाकाला खांदा देत होती आणि काम झालं की काढून ठेवली जायची. तुम्हीही कुठवर खांदा द्यायचा ते आधी ठरवून घ्या: किती आठवडे, त्यानंतर काय, आणि हे मेलवर लिहून.

‘स्टेपनी कॉलेज’ आणि ‘स्टेपनी स्थळ’ हेही ऐकलं. बरोबर आहे का?

कॉलेजचं ठीक आहे. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, हवं ते कॉलेज लागेल की नाही माहीत नसतं, म्हणून एक सीट पकडून ठेवायची. कॉलेजला त्याने वाईट वाटत नाही.

स्थळाचं ठीक नाही. पत्रिका जुळवून, मुलगी बघून, ‘कळवतो’ म्हणून ठेवलेलं घर म्हणजे पलीकडे एक माणूस फोनची वाट बघत बसलेलं असतं. गंमत म्हणून हा शब्द घरात फिरतो आणि मग एक दिवस तो त्या घरापर्यंत पोचतो. नात्यागोत्यात तो पोचतोच. नकार द्यायचा तर लवकर द्यावा. मधल्या काळाला गमतीचं नाव देऊन तो सभ्य होत नाही.

राजकारणात वापरतात तो अर्थ कोणता?

दुसरा आणि पहिला मिळून. बहुमताला दोन-चार कमी पडण्याची शक्यता असली की आधीच जवळ करून ठेवलेला अपक्ष किंवा छोटा पक्ष. विरोधक त्याला स्टेपनी म्हणतात, तो स्वतःला ‘किंगमेकर’ म्हणतो. महापालिकेच्या निवडणुका आल्या की आमच्याकडच्या नाक्यांवर दोन्ही शब्द एकाच माणसाबद्दल ऐकू येतात.

स्टेपनी मूळ चाकापेक्षा कमी दर्जाची असते का? माणसाला म्हणताना तसंच धरतात.

नेहमी नाही, आणि इथेच लोकांची गल्लत होते. पूर्वी बहुतेक कारना चारही चाकांसारखंच पाचवं मिळायचं. तेच माप, तीच रिम. अशा गाडीत टायरांची अदलाबदल करताना स्टेपनीलाही फेऱ्यात घ्यावं असं मेकॅनिक सांगतात, म्हणजे पाचही सारखे झिजतात. तिथे स्टेपनी कमी दर्जाची नाही, फक्त तिची पाळी आलेली नसते.

अलीकडे बऱ्याच गाड्यांत बारीक किंवा लहान मापाची स्टेपनी देतात. वजन वाचतं, जागा वाचते, पैसे वाचतात. तिच्यावर बहुधा ताशी ८० किमीची मर्यादा लिहिलेली असते आणि ती पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठीच आहे. पाम बीच रोडवर ती लावून शंभरने जाणारे महाभाग आहेत. ट्रकला तर स्टेपनी म्हणून अनेकदा रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर नाहीतर झिजून अर्धा गोटा झालेला जुनाच टायर असतो, मालकाच्या हिशोबाप्रमाणे.

तेव्हा कुणी स्वतःला स्टेपनी म्हणवून घेत असेल तर कुठल्या मापाची, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बहुतेक कुटुंबांतली जी ‘स्टेपनी’ आत्या किंवा मावशी असते, लग्नकार्याला, आजारपणाला, बाळंतपणाला धावणारी, ती पूर्ण मापाची असते आणि लागलेल्या चाकांपेक्षा कमी झिजलेली.

गाडीतल्या स्टेपनीची काळजी काय घ्यायची?

हवा. दर महिन्याला पेट्रोल पंपावर चार चाकांची हवा तपासतो आणि पाचव्याचं नाव घेत नाही, कारण डिकीतलं सामान उचलायचा कंटाळा. न वापरताही हवा हळूहळू कमी होते. लहान मापाच्या स्टेपनीला किती हवा लागते ते तिच्या कडेवर बघा, ती मोठ्या चाकांपेक्षा बरीच जास्त असू शकते.

दुसरं, वय. टायरच्या कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर न धावताही कडक होतं, भेगा पडतात. ‘एकदाही वापरली नाही, नवीकोरी आहे’ असं सांगून विकलेल्या दहा वर्षांच्या स्टेपनीपासून सावध राहा. आणि हो, जॅक घरी माळ्यावर ठेवू नका.

नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. मग हा शब्द जाईल का?

२०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला जादा चाकाची सक्ती राहिली नाही. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीला जागा लागते, तिथेही किटवर भागवतात. सीएनजीचं तर आपल्याकडे रोजच दिसतं. टाकीने डिकी खाल्ली की स्टेपनी टाकीवर आडवी, किंवा सरळ घरी बाल्कनीत. नवी मुंबईतल्या कितीतरी बाल्कन्यांत तुळशीच्या कुंडीशेजारी एक स्टेपनी उभी आहे, आणि गाडी पुण्याला गेलेली आहे.

पण शब्द जाईल असं मला वाटत नाही. डेव्हिस बंधूंची कडी जाऊन शंभरएक वर्षं झाली, तरी शब्द राहिला. आताही वस्तू बदलेल, नाव कुठेतरी चिकटेल. किटला ‘स्टेपनी बाटली’ म्हणणारा एक ड्रायव्हर मला भेटलाच आहे.

गाडीतले आणखी कोणते शब्द असे माणसांना लागले?

बरेच. ‘ब्रेक लागला’ आणि ‘गिअर टाकला’ इतके मुरलेत की गाडी आठवतही नाही. ‘पिकअप नाही’ हे सुस्त माणसाला, ‘धक्का स्टार्ट’ हे ढकलल्याशिवाय न हलणाऱ्याला, ‘हवा काढली’ हे फुशारकी मारणाऱ्याला. ‘सर्व्हिसिंग’ दोन प्रकारचं: एक डॉक्टरकडचं, दुसरं पोलिसांकडचं. आणि ‘न्यूट्रलला आहे’ हे भावकीच्या भांडणात दोन्हीकडे जेवून येणाऱ्याला. प्रत्येकावर वेगळं पान होईल.

लिहायचं कसं? स्टेपनी, स्टेफनी की स्टेपणी?

स्टेपनी. ‘स्टेफनी’ गॅरेजात ऐकू येतं, बोलायला हरकत नाही, पण लिहू नका. ‘स्टेपणी’ चूक. अनेकवचन ‘स्टेपन्या’, जसं बरणी-बरण्या. विभक्तीत ‘स्टेपनीला’, ‘स्टेपनीचा’. अर्जात, तक्रारीत किंवा शाळेच्या निबंधात ‘जादा चाक’ किंवा ‘अतिरिक्त चाक’ लिहिलं तर कुणी बोट ठेवणार नाही. मात्र पंक्चरवाल्याला फोन करून ‘अतिरिक्त चाक बसवायचं आहे’ म्हणू नका, तो जास्त पैसे घेईल.